चावा वाकडा म्हणून सांधा वाकडा, की सांधा वाकडा म्हणून चावा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही तपासता येईल. वय २६. हनुवटी थोडी डावीकडे सरकलेली. डावीकडच्या दाढा उलट्या बसतात, म्हणजे खालची दाढ वरच्या दाढेच्या बाहेर येते. तोंड उघडताना डाव्या कानापुढे ‘टक्’ असा आवाज येतो, पण दुखत नाही. ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, तर रिपोर्टमध्ये ‘डावा कॉन्डाइल (सांध्यातलं जबड्याच्या हाडाचं डोकं) चपटा’ असं लिहून आलं. एका डॉक्टरांनी सांगितलं की जबड्याच्या सांध्यामुळे चावा, म्हणजे तोंड मिटल्यावर वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची पद्धत, बिघडलाय. दुसऱ्यांनी सांगितलं की वाकड्या चाव्यामुळे सांधा झिजलाय, तारा लावल्या की दात जुळतील आणि सांधाही आपसूक पूर्वीसारखा होईल. मग खरं कोणाचं, आणि तारा लावायच्या की नाही?

मी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात आणि चावा जुळवणारा डॉक्टर आहे, आणि जबड्याच्या सांध्याचे पेशंट मुद्दाम बघतो. हा प्रश्न घेऊन माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी पहिली गोष्ट विचारतो ती अशी: तुमचा चावा लहानपणापासून असाच आहे, की अलीकडे बदललाय? तुमच्या प्रश्नात सगळं आहे, नेमकं हेच नाही. आणि उत्तर तिथेच अडतं. लहान वयात चावा सांध्याला आकार देऊ शकतो. मोठ्या वयात चावा नव्याने बदलत असेल, तर बहुतेक वेळा सांधा चाव्याला बदलत असतो. त्यामुळे तुमचे दोन्ही डॉक्टर चुकीचं बोलत नसतील, फक्त ते दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतील.

आधी सांधा कसा आहे ते बोटाने बघा. कानाच्या अगदी पुढे, जिथे कानाचा छोटा पुढचा उंचवटा आहे त्याच्या किंचित पुढे, दोन्ही बाजूंना बोटं टेकवा आणि सावकाश तोंड उघडा. सुरुवातीला बोटाखाली काहीतरी जागच्या जागी फिरतं, आणि नंतर ते पुढे सरकतं. ते जबड्याच्या हाडाचं डोकं, म्हणजे कॉन्डाइल. ते कवटीच्या खोबणीत बसतं आणि खोबणीच्या पुढे एक उतार आहे, त्या उतारावरून खाली-पुढे घसरतं. मधे एक तंतुमय चकती असते, ती गादीसारखी त्याच्याबरोबर सरकते. शरीरातल्या इतर सांध्यांपेक्षा इथे दोन गोष्टी निराळ्या आहेत. एक तर डावा आणि उजवा सांधा एकाच हाडाच्या दोन टोकांना आहेत, त्यामुळे एका बाजूला काही झालं तर दुसरी बाजू गप्प बसू शकत नाही. दुसरं, गुडघ्यात जशी गुळगुळीत हायलाइन कूर्चा असते तशी इथे नसते. इथे तंतुमय कूर्चा असते, आणि ती भाराप्रमाणे स्वतःला आणि खालच्या हाडाला घडवत राहते. ‘चपटा’ या शब्दाकडे याच नजरेने बघायचं आहे, त्याकडे पुढे येतो.

आता लहानपणाचं. नवजात बाळाच्या कवटीत तो उतार जवळजवळ नसतोच, खोबण सपाट असते. बाळाला दूध ओढायचं असतं, चावायचं नसतं, तेव्हा जबडा पुढे-मागे सहज सरकला पाहिजे. दुधाचे दात येऊ लागले की उतार झपाट्याने उभा राहतो. पहिल्या काही वर्षांत त्याची बरीचशी उंची तयार होते, मग वेग मंदावतो, आणि विशीपर्यंत तो जवळपास पूर्ण होतो. म्हणजे सांध्याची घडण आणि दातांची घडण एकाच काळात, एकमेकांच्या संगतीने होते. एक कारण आणि दुसरं परिणाम, असं चोख वेगळं काढता येत नाही. चावण्याची ताकद, स्नायूंची ओढ, चेहऱ्याच्या वाढीची दिशा आणि आनुवंशिकता ही चौघं मिळून दोन्ही घडवतात.

म्हणूनच काही जोड्या वारंवार दिसतात. एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या कायमच्या दाढेच्या आधारावर चाव्याचे तीन वर्ग पाडले, आम्ही आजही तेच वापरतो. वरचे पटाशीचे दात आत झुकलेले आणि खालच्या दातांना जवळजवळ झाकणारे असतील, म्हणजे खोल चावा असेल, तर सांध्याचा उतार बहुधा जास्त उभा असतो. खालचा जबडा पुढे आलेल्या तिसऱ्या वर्गात उतार बहुधा सपाट आणि खोबण उथळ असते. चेहरा लांब आणि चावण्याचे स्नायू सौम्य असलेल्या माणसांत कॉन्डाइल तुलनेने बारीक दिसतो, तर चौकोनी चेहऱ्याच्या आणि मजबूत स्नायूंच्या माणसांत दणकट. पण हे सगळं सरासरीचं बोलणं आहे. दोन गटांत इतकी सरमिसळ असते की नुसता सांध्याचा फोटो बघून ‘या माणसाचा चावा असा असणार’ असं मी सांगू शकत नाही, आणि नुसता चावा बघून सांध्याचा आकारही नाही. कोणी तसं छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा.

चावा सांध्याला वळण देतो याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण तुमच्यासारखंच आहे, फक्त वय सात-आठ वर्षांचं. मुलाचा वरचा जबडा अरुंद असतो. दात मिटताना दोन्हीकडच्या दाढा टोकावर टोक येतात, ते गैरसोयीचं असतं, म्हणून मूल जबडा एका बाजूला सरकवतं आणि तिथे चावा ‘बसवतं’. बाहेरून दिसतं ते असं की हनुवटी एकीकडे आणि त्याच बाजूच्या दाढा उलट्या. अशा मुलाला मी समोर उभं करतो, वरच्या आणि खालच्या पटाशीच्या दातांची मधली फट बघतो आणि सांगतो, ‘हळूहळू आ कर’. तोंड अर्धं उघडलं की खालची फट वरच्या फटीखाली सरळ येऊन उभी राहते. मिटलं की पुन्हा सरकते. आईवडिलांना आरशात हे दाखवलं की त्यांना समजावून सांगायला फार काही उरत नाही. जबडा सरळ आहे, फक्त मिटताना वाकडा जातो. दिवसातून हजार वेळा असं झालं की एका बाजूचा कॉन्डाइल खोबणीत मागे-वर दाबला जातो, दुसऱ्या बाजूचा पुढे-खाली ओढला जातो, आणि वाढतं हाड त्या बैठकीला जुळवून घेऊ लागतं. वरचा जबडा वेळेत रुंद केला तर सरकणं थांबतं आणि वाढ पुन्हा दोन्हीकडे सारखी होण्याची संधी मिळते. सोडून दिलं तर सवयीचा वाकडेपणा हाडाचा वाकडेपणा होण्याची शक्यता असते. प्रत्येक मुलात तसं होतंच असं नाही, पण मी वाट बघत नाही. या वयात उपचार सोपा असतो, पुढे तो तसा राहत नाही.

तुमचंही हेच झालेलं असू शकतं. दुसऱ्या डॉक्टरांचं ‘चाव्यामुळे सांधा’ हे म्हणणं इतिहास म्हणून कदाचित बरोबर असेल. पण त्यांच्या वाक्याचा उत्तरार्ध, ‘तारा लावल्या की सांधा पूर्वीसारखा होईल’, तो मला मान्य नाही. २६ व्या वर्षी वाढ संपलेली असते. कॉन्डाइल थोडंफार स्वतःला घडवत राहतो हे खरं, पण दात सरळ केल्याने कमी उंचीचं हाड उंच होत नाही. वाढत्या मुलांत ट्विन ब्लॉकसारखी जबडा पुढे आणणारी उपकरणं वापरतो, तिथेसुद्धा बराचसा फरक दातांच्या हालचालीतून मिळतो, सांध्याच्या वाढीतला वाटा लहान असतो. मग मोठ्या माणसाला तारांनी सांधा ‘दुरुस्त’ करून देण्याचं वचन कशाच्या जोरावर द्यायचं?

शिवाय मोठ्या माणसात चावा सांध्यावर किती भार टाकतो, याचा अंदाज आपण फुगवून धरतो. दात दिवसभर एकमेकांवर टेकलेले नसतात. ओठ मिटलेले असतानाही दातांत दोन-चार मिलिमीटर फट असते, आणि चावणं-गिळणं मिळून दात प्रत्यक्ष टेकतात तो वेळ अर्ध्या तासाच्याही आतला असतो. सांध्याला खरा त्रास होतो तो दात आवळून धरण्याने. काम करताना, गाडी चालवताना, झोपेत. हे आवळणं सुंदर सरळ दातांच्या माणसातही तितकंच असतं. वाकडा चावा म्हणजे सांधेदुखी, ही समजूत जुनी आहे. १९३४ मध्ये जेम्स कॉस्टन या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दाढा गेल्याने जबडा मागे सरकतो आणि कानाचा त्रास होतो असं मांडलं, तिथून पुढे कित्येक दशकं दात यंत्राने थोडे घासून, झिजवून चावा ‘समतोल’ करण्याची पद्धत चालली. २००३ सालच्या कॉक्रन आढाव्यात, म्हणजे त्या विषयावरचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, असे दात घासून चावा जुळवल्याने सांध्याचा त्रास बरा होतो किंवा टळतो, याला पुरावा मिळाला नाही. तारांनी सांध्याचा त्रास होतो असं नाही आणि तारांनी तो बरा होतो असंही नाही, या निष्कर्षावर आमच्या क्षेत्रात आज बरंच एकमत आहे. मोठा ओपन बाइट (मिटल्यावरही पुढच्या दातांत उरणारी उभी फट), दाढांचा एकतर्फी क्रॉसबाइट (एका बाजूच्या उलट्या बसणाऱ्या दाढा), वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा सहा-सात मिलिमीटरहून जास्त पुढे, बऱ्याच दाढा गेलेल्या, असल्या काही गोष्टी सांध्याच्या पेशंटमध्ये जरा जास्त आढळतात. पण त्यातल्या काही त्रासाचं कारण आहेत की त्रासामुळे झालेल्या आहेत, हा प्रश्न उरतोच.

आणि हीच दुसरी दिशा आहे: सांध्यामुळे चावा. माझ्या मते तिच्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही.

एक पेशंट मला नेहमी आठवते. शिवणकाम करणारी, तिशीच्या आतली. ‘दात पुढे आलेत’ म्हणून आली होती. मी विचारलं, कधीपासून? ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, ‘पूर्वी शिवताना दोरा दातांनी तोडायचे. गेल्या वर्षापासून तुटत नाही. कात्री घ्यावी लागते.’ पुढच्या दातांत दोनेक मिलिमीटरची फट पडली होती, चावा फक्त मागच्या दाढांवर टेकत होता. तिने मोबाइलवर तीन वर्षांपूर्वीचा हसतानाचा फोटो दाखवला, त्यात वरचे दात खालच्या दातांवर व्यवस्थित उतरलेले दिसत होते. दुखणं फारसं नव्हतंच. स्कॅनमध्ये दोन्ही कॉन्डाइल खुरटलेले निघाले. कॉन्डाइलची उंची कमी झाली की खालचा जबडा मागे-खाली फिरतो, दाढा आधी टेकतात आणि पुढे फट पडते. सांधा खचत असताना ती फट तारांनी ओढून मिटवली असती तर काही महिन्यांत पुन्हा उघडली असती, आणि दोष तारांच्या माथी आला असता. आधी तिला संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं, सांध्यावरचा भार कमी केला, ठरावीक अंतराने मोजमापं घेतली. चावा एक वर्षभर हलला नाही तेव्हाच दातांना हात लावला.

असं करणारी कारणं बरीच आहेत. संधिवात, त्यात मुलांमधला संधिवातही आला, आणि तो या सांध्यात बऱ्याचदा न दुखता काम करतो. मुख्यतः किशोरवयीन मुली आणि तरुण स्त्रियांत कारण न सापडता कॉन्डाइल विरघळत जाण्याचा विकार. वयानुसार होणारी झीज. लहानपणी हनुवटीवर पडून कॉन्डाइलला झालेलं फ्रॅक्चर, जे त्या वेळी कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं आणि त्या बाजूची वाढ मागे राहते. तुम्ही लहानपणी हनुवटीवर पडला होता का? हनुवटीखाली टाक्यांची जुनी खूण आहे का? घरी विचारून बघा.

आता तुमच्या केसमधली एक गोष्ट, जी दोन्ही डॉक्टरांच्या बोलण्यात आलेली दिसत नाही. सगळ्यांचं लक्ष डाव्या बाजूकडे आहे, कारण आवाज डावीकडे आणि ‘चपटा’ हा शब्दही डावीकडे. पण हनुवटी डावीकडे जायला दोन वाटा आहेत. डावा कॉन्डाइल लहान राहिला किंवा खचला, ही एक. उजवा कॉन्डाइल गरजेपेक्षा जास्त वाढला आणि त्याने जबडा डावीकडे ढकलला, ही दुसरी. दोन्हीत चेहरा आणि चावा सारखेच दिसू शकतात. दुसऱ्या प्रकाराला कॉन्डाइलची अतिवाढ म्हणतात. ती बहुधा किशोरवयात सुरू होते आणि विशीतही चालू राहू शकते. ती चालू असताना तारा किंवा जबड्याचं ऑपरेशन केलं तर केलेलं काम सरकतं. म्हणून उजवी बाजू तपासल्याशिवाय डावीला दोष देऊ नका.

ओपीजीच्या रिपोर्टबद्दलही थोडं. ओपीजी हा संपूर्ण जबड्याचा उलगडून पसरलेला फोटो असतो. काढताना डोकं थोडंसं वळलेलं असलं तरी एक बाजू मोठी आणि दुसरी लहान दिसते. कॉन्डाइल मशीनला कोणत्या कोनात सापडला त्यावर तो गोल दिसेल की चपटा हेही ठरतं. सहज करता येणारी तपासणी अशी: त्याच फोटोत दोन्हीकडच्या खालच्या दाढांची रुंदी बघा. डावीकडच्या दाढाही उजवीपेक्षा लहान दिसत असतील तर डोकं वळलेलं होतं असं समजा. आणि कॉन्डाइल खरोखर चपटा असला तरी नुसता चपटेपणा हा आजार नव्हे. सांध्याच्या निदानासाठी २०१४ पासून जे आंतरराष्ट्रीय निकष वापरले जातात, त्यांत झीज म्हणायला हाडाचा पृष्ठभाग खाल्लेला, आत पोकळी, कडेला हाडाचं टोक किंवा हाडात सर्वदूर घट्टपणा असं काहीतरी दिसावं लागतं. फक्त चपटेपणा त्यात बसत नाही. तो बहुधा सांध्याने भाराशी जुळवून घेतल्याची खूण असते.

‘टक्’ आवाजाचंही तसंच. चकती थोडी पुढे सरकलेली असते आणि तोंड उघडताना जागेवर येते, तेव्हा तो आवाज होतो. काहीही त्रास नसलेल्या माणसांचे एमआरआय काढले तर सुमारे तिघांमागे एकाची चकती सरकलेली सापडते. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल, जबडा अडकत नसेल, तर नुसत्या आवाजावर मी उपचार करत नाही. आवाज ‘टक्’ न राहता वाळूवर पाय घासावा तसा करकर येऊ लागला, एके दिवशी आवाज अचानक बंद होऊन तोंड कमी उघडू लागलं, किंवा उघडणं ४० मिलिमीटरच्या खाली आलं, तर मात्र थांबू नका. घरी मोजायचं तर तीन बोटं उभी धरून पटाशीच्या दातांमध्ये बसतात का ते बघा.

मग आता काय करायचं? तुमच्या जागी मी असतो तर सगळ्यात आधी जुने फोटो काढले असते. दहावीचा ओळखपत्राचा, कॉलेजचा, एखाद्या लग्नातला समोरून हसतानाचा. हनुवटी दहाव्या, पंधराव्या, विसाव्या वर्षी कुठे होती ते बघा. तारा पूर्वी कधी लावल्या असतील तर त्या वेळचे साचे डॉक्टरांकडे मागा. फोटोंत दहा वर्षांत काहीच बदल नसेल, तर तुमचा वाकडेपणा लहानपणीचा आणि थांबलेला आहे, आणि मग घाईचं कारण नाही. चेहरा सरकत आलेला दिसला तर तपासणी टाळू नका. तेव्हा हाडासाठी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन लागेल, दोन्ही बाजूंचा. चकती आणि सूज बघायची असेल तर एमआरआय. अतिवाढीची शंका असेल तर हाडांचा आयसोटोप स्कॅन, फक्त तो वाचणाऱ्याला हे माहीत हवं की सूज असलेला सांधासुद्धा त्यात उजळतो. सकाळचा जबड्याचा आखडलेपणा किंवा इतर सांध्यांची सूज असेल तर रक्ताच्या तपासण्या.

आणि आरशासमोर ती मुलांची तपासणी स्वतःवर करा. तोंड उघडल्यावर खालच्या दातांची मधली फट सरळ येते का? येत असेल तर अजूनही काही भाग मिटतानाच्या सरकण्याचा आहे आणि तो दातांच्या उपचाराने सुधारू शकतो. उघडल्यावरही फट डावीकडेच राहत असेल, तर वाकडेपणा बहुधा हाडात आहे. तेव्हा तारांनी फार तर दात त्या वाकडेपणाशी जुळवून घेता येतात. हनुवटी मधे आणायची असेल तर जबड्याच्या ऑपरेशनचा विषय निघतो. तो करायचाच असं नाही. चावायला नीट येत असेल आणि चेहऱ्याबद्दल तुम्हाला खंत नसेल, तर काहीही न करणं हाही पूर्णपणे योग्य निर्णय आहे. माझ्याकडे असे कित्येक जण येतात, मी त्यांना वर्षातून एकदा मोजमापाला बोलावतो, एवढंच.

तारा लावायच्या असतील तर त्या दात जुळवायला, स्वच्छता सोपी व्हायला, दाढांवरचा भार नीट वाटायला लावा. सांधा बरा करायला म्हणून लावू नका. दुसऱ्या डॉक्टरांना सरळ विचारा: ‘माझा चावा सध्या स्थिर आहे हे तुम्ही कशावरून ठरवलं?’ उत्तरात जुने फोटो, जुने साचे किंवा ठरावीक अंतराने घेतलेली मोजमापं यांचा उल्लेख आला तर पुढे बोला. कोणी दात घासून चावा जुळवू म्हणत असेल तर तेवढं मात्र आत्ता करू नका. उपचार नेमका कशावर करायचा हेच अजून ठरलेलं नाही, आणि घासलेला दात परत भरून येत नाही.

फोटो आणि आरशातली तपासणी झाली की काय दिसलं ते लिहा. विशेषतः हनुवटी नेमकी कोणत्या वर्षापासून सरकलेली दिसते, आणि तोंड उघडल्यावर मधली फट कुठे उभी राहते, या दोन गोष्टी.